चाळीस दिवसांचं दूध

"पोरीला दूध कुणाकुणाचं पाजलंय?"

जलीला आत्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा अजून वाफाळत होता. नदीपलीकडच्या नगा हमदहून पाच माणसं माझ्या रावियाला मागणी घालायला आली होती. मुलाचं नाव बद्री. दोघं केनाच्या अध्यापक कॉलेजात एकत्र शिकलेली, तेव्हा आमच्या वाट्याला फक्त मान डोलावणं उरलं होतं. बद्रीची आई सबरिया चार वर्षांपूर्वी वारली, म्हणून आईच्या जागी ही आत्या आली होती. सत्तरीची, ताठ कण्याची, आणि दुसऱ्याच्या घरातलं कोळिष्टक पहिल्या नजरेत टिपणारी.

हा प्रश्न आमच्याकडे मुलीच्या वयाच्याही आधी विचारतात. एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं, पुढेमागे प्यायलेली असली तरी, भावंडं ठरतात. त्यांचा निकाह होत नाही. नकळत झालाच, तर कळेल त्या दिवशी मोडतो, मग मधे दहा वर्षं गेलेली असोत की अंगणात चार पोरं खेळत असोत.

"माझंच," मी म्हणाले. "आणखी कुणाचं असणार?"

"बरं झालं बाई. हल्ली कोण कुणाकडे पोर टाकून बाजारात जाईल, सांगता येत नाही. आणि साखर घाल गं जराशी. एवढा हात आखडता घ्यायला माहेरी शिकवलं का?"

सगळे हसले. सोयरीक पक्की केल्याची फातिहा वाचली गेली, निकाह सतरा दिवसांनी ठरला आणि पाहुणे चारच्या नावेने परत गेले. मी पेले विसळत होते. तिसरा की चौथा पेला हातात असताना माझा हात पाण्यातच थांबला.

मी खोटं बोलले होते.

मुद्दाम नव्हे. राविया दोन वर्षं माझ्या अंगावर प्यायली, हे खरंच होतं. पण मधले चाळीस दिवस माझे नव्हते. ती आठ दिवसांची असताना मला बाळंतपणाचा ताप चढला. एकोणीस दिवस केनाच्या इस्पितळात काढले, आणि घरी आले तेव्हा छाती कोरडी ठणठणीत. दूध परत यायला आणखी तीन आठवडे गेले. तेवढे दिवस माझा नवरा शाझली पोरीला घेऊन नदीपलीकडे जायचा आणि तिचं पोट भरून आणायचा. कुणाकडे, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "देवाच्या भल्या बायका आहेत. तू मसूर खा, ताकद येईल."

नदीपलीकडे म्हणजे कुठे, हेही मी विचारलं नव्हतं. आता बद्री नदीपलीकडचा होता.

शाझलीला जाऊन सतरा वर्षं झाली होती. गेला तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि राविया सहा वर्षांची.

तो साखर कारखान्याच्या छोट्या आगगाडीचा चालक होता. गळीत हंगामात ही गाडी शेताशेतांतून उसाच्या वाघिणी ओढत आणते. इतर चालक ती जोरात हाकायचे. शाझली मात्र प्रत्येक पाणंदीपाशी शिटी वाजवायचा, बदकं आडवी आली की थांबायचा. त्याची गाडी लांबून दिसली की लोक म्हणायचे, "आली शाझलीची वरात." पोरं चालत्या वाघिणीतून ऊस ओढतात, ते तर त्याला बघवतच नसे. तो गाडी उभी करून खाली उतरायचा, स्वतःच्या हाताने एकेक कांडं वाटायचा आणि दटावायचा, "चालत्या गाडीला हात लावाल तर हात मोडीन!" मुकादमाची बोलणी खायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचा.

घाबरट होता. हे मी प्रेमाने म्हणते, पण होता तो घाबरटच. आमचा पहिला मुलगा यूनुस पन्नास दिवसांचा होऊन गेला. तेव्हाही माझं दूध अपुरं पडायचं, म्हणून डब्यातली पूड आणली होती. उन्हाळा होता. दोन दिवसांत लेकरू वाळून गेलं. त्यानंतर शाझलीने दुधाची बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. पाणी दोनदा उकळायचा. रावियाच्या पायात शेळीची घंटा बांधली होती, ती कुठे आहे हे ऐकू यावं म्हणून. दुपारी पोर झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचा. मी म्हणायची, "अहो, श्वास घेतेय ती, जगू द्या तिला." तर म्हणायचा, "घेतेय, पण हळू घेतेय."

म्हणून तर मला इतकी वर्षं त्या चाळीस दिवसांची काळजी वाटली नव्हती. असा माणूस चूक कशी करेल?

पण पेले विसळताना मला वहीदा आठवली, समोरच्या दारची. तिच्याकडे तेव्हा तान्हं होतं. ती आपणहून म्हणाली होती, "आण इकडे पोर, मला काय जड आहे?" तर शाझलीने हात जोडले.

"वहीदाबाई, तुम्हाला पाच मुलगे. उद्या त्यातला एखादा हिला आवडला तर?"

"अरे मेल्या, आठ दिवसांची आहे ती!"

"वाढेल ना."

वहीदा तो जाईपर्यंत, सहा वर्षं, त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या मयतीला मात्र सगळ्यात मोठ्याने तीच रडली.

म्हणजे आपल्या गल्लीतलं एकही दार पोरीला बंद होऊ नये, म्हणून तो नदीपलीकडे गेला होता. पलीकडचा कुणी तिला मागायला येईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. आमच्या वेळी मुली नदी ओलांडून नांदायला जात नसत. कॉलेजातही जात नसत फारशा.

 बद्री दर गुरुवारी यायचा. दोघं ओट्यावर बसून संत्र्याचं सरबत पीत शाळेतल्या गमती सांगायची, आणि मी दारातून बघायची. मला दोघांचे कान सारखेच दिसायला लागले, जरा बाहेर आलेले. दुधाने कान सारखे होत नाहीत, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या मला कळत होतं. तरी मी कानच बघत राहायची.

"आई, काय बघतेस गं त्याच्याकडे?" राविया म्हणाली. "नजर लावशील."

बद्री हसून म्हणाला, "बघू दे. जावई पारखून घ्यावा. मी हिच्यापेक्षा वर्षाने लहान आहे, ते तरी खपवून घेतलंत."

वर्षाने लहान. तेव्हा मला ते नुसतंच ऐकू आलं होतं.

शेजारच्या गावातली रस्मिया मला माहीत होती. अकरा वर्षांचा संसार, तीन मुलं. कुणाच्या तरी मयतीला बसलेल्या एका म्हातारीला सहज आठवलं की रस्मियाच्या सासूने तिला लहानपणी चार दिवस पाजलं होतं. म्हातारी सहज बोलून गेली, आणि त्याच आठवड्यात रस्मिया बापाच्या घरी परत आली. मुलं दोन घरांमध्ये ये-जा करतात. ती मला एकदा म्हणाली होती, "देवाने नवऱ्याचा भाऊ केला, बरं केलं. पण अकरा वर्षं कुठल्या फडक्याने पुसू?"

मशिदीतल्या शेखांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, नुसत्या संशयावरून काही हराम ठरत नाही. पण मला शेखांची भीती नव्हती. पलीकडच्या काठावर कुठेतरी बसलेल्या, मला माहीत नसलेल्या एका म्हातारीच्या आठवणीची भीती होती. ती आज ना उद्या कुठल्या तरी मयतीला बसणार होती.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. सबरिया गेली, शाझली गेला. बद्रीचे वडील हाजी मुतवल्ली त्या वर्षांत इराकला कामावर होते, त्यांना काय माहीत असणार? हा विचार मी सात दिवस केला. आठव्या दिवशी राविया निकाहाचा पोशाख घालून माझ्यापुढे उभी राहिली, गोल फिरली, आणि मला रस्मियाच दिसली. मी डोक्यावर चादर घेतली आणि अब्बूदीकडे गेले.

शाझलीच्या गाडीत शेवटच्या वाघिणीवर ब्रेक धरून उभा राहणारा हा अब्बूदी. आता एकही दात नाही, तरी दाराशी उन्हात उसाचं कांडं हातात घेऊन बसलेला असतो.

"उस्ताद अब्बूदी, एक जुनी गोष्ट विचारायची होती."

"जुन्याच विचार. नवीन मला काही कळत नाही."

मी विचारलं. त्याने कांडं बाजूला ठेवलं.

"अगं, वेड लागायची पाळी आणली होती त्याने! गाडी चालवता चालवता मला ओरडून विचारायचा, अमक्याच्या बायकोला मुलगे किती, तमक्याला दुसऱ्या बायकोपासून मुलगे आहेत का. मी म्हटलं, शाझली, तू दूध शोधतोयस की सोयरीक? म्हणाला, दोन्ही एकच आहे. त्याला फक्त मुलीच असलेली बाई हवी होती. म्हणजे कुणी पोरीचा भाऊ व्हायला नको, नि पुढे काही अडायला नको."

"मग मिळाली?"

"मीच सांगितली की. नगा हमदला. तीन मुली, तिसरी अंगावर पिणारी. नवरा इराकला."

बद्रीचे वडीलही तेव्हा इराकला होते.

"नाव?"

"नाव कोण लक्षात ठेवतं? मुतवल्लीची बायको म्हणायचे."

बद्रीला तीन थोरल्या बहिणी. मग बद्री. रावियापेक्षा वर्षाने लहान.

"गेला होता तो तिच्याकडे?"

"गेला ना. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या नावेने आला. पोर कुठे विचारलं, तर म्हणाला, पोट भरून झोपलीय. मी पुढे विचारलं नाही. पोर बाळसं धरायला लागली होती. का गं, एवढी पांढरी का पडलीस? पाणी देऊ?"

मी पाणी प्यायले. मी उठताना तो आपल्याशीच हसला. "यायचा तेव्हा उपरण्याला लाल-पिवळं सूत चिकटलेलं असायचं. आम्ही चिडवायचो, कोष्ट्याची पोरगी पटवलीस की काय?"

मी उंबऱ्यातच थांबले. ते सूत मीही धुतलं होतं. आजारातून उठल्यावर त्याचं उपरणं पहिल्यांदा धुवायला घेतलं, तेव्हा पाण्यावर लाल तुसं तरंगली होती. मुतवल्लीचं घर शेतकऱ्याचं. तिथे सूत कुठून येणार?

ही आशा होती असं म्हणवत नाही. पण तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडे गेले. रावियाला सांगितलं, कापड बघायला जाते.  कोष्ट्यांची आळी धक्क्यापासून लांब नाही. तिथे बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं. पिढ्यान्‌पिढ्या शाली विणतात, घराघरातून मागाची खटखट ऐकू येते. तिसऱ्या दारात काळ्या कपड्यांतली एक जाड बाई सूत उलगडत बसली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवा गोंदलेला क्रूस.

"ताई," मी म्हणाले, "तेवीस वर्षांपूर्वी आमच्या काठावरचा एक माणूस इथे तान्ही मुलगी घेऊन..."

तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सूत मांडीवरून खाली पडलं.

"राविया कशी आहे?"

मी तिच्या दारातच बसले. 

ती दिमियाना, विसाची आई. तिच्या सुनेने लिंबाचं सरबत आणलं. मी पेला धरला, आणि प्यायचं सुचलंच नाही.

"किती दिवस पाजलंत?"

"चाळीस. तू इस्पितळात होतीस तोवर दोघं इथेच राहायचे. मकारी, माझा नवरा, त्या मागाखाली सतरंजी टाकून द्यायचा. काय माणूस तो! सगळ्या घराला झोपू द्यायचा नाही. 'विसाच्या आई, जरा बघा, श्वास घेतेय ना?' मी म्हणायची, अरे बाबा, माझाही मुलगा आहे, तोही घेतोय!"

"आणि तुमच्याकडेच का आला?"

दिमियाना हसायला लागली. हसता हसता पदराने डोळे पुसले.

"दारात उभा राहिला, उसाच्या टोपलीत पोर. मकारीला म्हणाला, उस्ताद, घरात अंगावर पाजणारी बाई आहे का? मकारीने विचारलं, तुमच्यात बायका संपल्या का? तर सरळ तोंडावर म्हणतो कसा, 'तुमची मुलं माझ्या मुलीशी कधी लग्न करणार नाहीत. तुमच्याकडे प्यायली तर तिचं एकही दार बंद होत नाही.' मकारी असा भडकला! म्हणाला, 'वा रे वा, आमचं दूध चालतं, आमचा जावई चालत नाही?' तर शाझली म्हणाला, 'नाही चालत, उस्ताद. तुम्हालाही आमचा चालत नाही.' मकारीने दोन मिनिटं त्याच्याकडे बघितलं. मग मला हाक मारली, दिमियाना, चहा ठेव, आणि पोरीला घे."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"मीच शपथ घातली होती. माझ्या दिरांना आवडलं नसतं. आणि तो म्हणाला, माझी बायको आधीच रडते की मला पोरीला पाजता येत नाही. तिला दुसऱ्या बाईचा चेहरा कशाला दाखवू?"

मी पेला मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "अब्बूदीने त्याला मुतवल्लीच्या घरी पाठवलं होतं."

"गेला होता. उंबऱ्यावरूनच परत फिरला. नवरा परदेशी आहे, म्हणजे परत येणार. परत आला की मुलगा होणार. त्याने तेवढाही विचार करून ठेवला होता!"

 मी पेला तोंडाला लावला. आणि तेवढ्यात दिमियाना थांबली.

"एक दिवस सोडून," ती म्हणाली.

"कसला दिवस?"

"तू घरी आल्यानंतरची गोष्ट. माझा भाऊ फर्शूतला अचानक वारला. आम्ही सगळे भल्या पहाटेच निघालो, दाराला कुलूप. त्याला निरोप कोण देणार? संध्याकाळी आले तर तो पायरीवर बसलेला. पोर रडून रडून निळी पडलेली, पण गप्प. मी विचारलं, काही पाजलंस का? म्हणाला, बडीशेपेचं पाणी. मी तशीच पोरीला घेतलं." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "पण शेजारणी म्हणाल्या, सबरिया आली होती. तिचं घर इथून चार दारांवर, तेव्हा इकडेच राहायची ती. पोरीचा आवाज ऐकून धावत आली म्हणे. पाजलं की नाही, ते बघायला मी इथे नव्हते."

तो दिवस मला आठवत होता. मी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसले होते. तो संध्याकाळी आला आणि म्हणाला, नाव बिघडली होती.

म्हणजे तो मला खोटं सांगू शकत होता. मग हिलाही सांगू शकला असता. पोर निळी पडलेली. एक यूनुस आधीच मातीत घातलेला. समोर दूध असलेली बाई हात पुढे करून उभी. कुठला बाप नाही म्हणेल? तो तर श्वास मोजणारा बाप! आमच्याकडे एकदा पोटभर पाजलं तरी पुरतं. एकदाच.

"तेव्हा सबरियाबरोबर कोण होतं?" मी विचारलं.

"तिची नणंद असायची. जलीला."

त्या घराला मी सून म्हणून मुलगी द्यायला निघाले होते, आणि त्याच घरातल्या म्हातारीपुढे आता मला सांगायचं होतं की तुमच्या तोंडावर मी खोटं बोलले. सोयरीक तिथेच मोडली असती तरी माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं. मी परत धक्क्याकडे चार पावलं गेले. नाव लागलेली होती, नावाडी ओरडत होता, "चला बायांनो, एकीची जागा!" मी उभी राहिले. मग दुसरीच एक बाई ओझं घेऊन चढली, आणि नाव गेली.

जलीला आत्या अंगणात भाजण्याआधी उन्हात फुगायला ठेवलेल्या, आंबवलेल्या कच्च्या भाकऱ्यांवरच्या माश्या हाकत होत्या.

"ये, ये. आहेर ठरवायला आलीस? पोरीचे कपडे आधी दाखव, मग बोलू."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. चाळीस दिवस. कोष्ट्यांचं दार. कुलूप लावलेला तो दिवस. त्यांचा माश्या हाकणारा हात थांबला होता.

"म्हणजे त्या दिवशी माझ्या चहात साखर घालून तू मला खोटं सांगितलंस."

"हो."

"बद्रीला माहीत आहे?"

"नाही. रावियालाही नाही. आत्या, तुम्ही तिथे होतात. सबरियाने तिला घेतलं होतं का? जे असेल ते सांगा. मी आत्ता, इथूनच, सोयरीक मोडून परत जाईन."

 एक माशी भाकरीवर बसली, तीही त्यांनी हाकली नाही. मला वाटलं, त्या शब्द शोधताहेत, मला कसं सांगावं म्हणून.

"तो तुझा नवरा होता?" शेवटी त्या म्हणाल्या. "ख्रिस्ती लोकांच्या पायरीवर बसला होता, म्हणून आम्ही त्याला आधी त्यांच्यातलाच समजलो. अगं, अख्ख्या आळीला पोरीचं रडणं ऐकवेना. सबरिया हातातला घास टाकून धावली, मी तिच्या मागे. ती म्हणाली, दे इकडे. तो पोरीला छातीशी धरून उठून उभा राहिला. असा थरथरत होता की मला वाटलं, पाडतोय आता तिला. म्हणतो कसा, 'बाई, तुला मुली आहेत. देव उद्या मुलगाही देईल. मी माझ्या पोरीचं हे दार कसं बंद करू?'"

"मग?"

"मग काय? सबरिया पेटली! 'माझा मुलगा काय तुझ्या पोरीसाठी अडून बसणार आहे का रे? जन्माला आला नाही अजून, आणि नवरदेव करून ठेवलास!' तिने हात धरून ओढायला बघितलं. तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. रडत होता. पोर रडत होती आणि बापही. पण दिली नाही. शेवटी मीच सबरियाला ओढून घरी आणलं. दोन दिवस जळफळत होती, माझ्या दुधात काय विष आहे का म्हणून." आत्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला उद्या कबरीत जायचंय, रावियाच्या आई. खोटं सांगून काय मिळणार? तिने त्या पोरीला हातही लावला नाही. मग भाऊ सुटीवर आला, आणि पुढच्या वर्षी बद्री झाला."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी मला बराच वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाल्या, "उठ आता. भाकऱ्या उलटायला हात लाव. रडून काय पीठ फुगतं?"

भाकऱ्या उलटता उलटता मला त्याचा राग आला. त्याच्यावर मी आयुष्यात फारशी रागावले नव्हते, त्याने तेवढा वेळच दिला नाही. शेवटच्या वर्षात त्याचं पोट पाण्याने फुगत गेलं आणि पाय काड्यांसारखे झाले. आमच्या काठावरच्या अर्ध्या पुरुषांची यकृतं तशीच गेली, लहानपणी कालव्यात डुंबताना अंगात किडा शिरलेल्यांची. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, एका दुपारी रक्ताची उलटी झाली आणि दुसऱ्या दुपारी सगळं संपलं. त्या दिवशी गाडी दुसऱ्या चालकाने नेली. नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोचली म्हणे. त्या चोवीस तासांत तो माझ्याशी बोलला ते एवढंच, "पाणी उकळून देत जा तिला." त्या पायरीवर आपण काय केलं, ते सांगायला हवं, असं त्याला वाटलंच नसणार. त्याने जे करायचं होतं ते केलं होतं, मग सांगायचं काय? आणि मी सतरा दिवसांतले नऊ दिवस मरत मरत काढले.

घरी आल्यावर रावियाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती हातातली सुई धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दिवसभर? मी दिवसभर रडत होते, आणि बाबांनी पाजू दिलं नाही?"

"नाही दिलं."

"मी मेले असते तर?"

 त्या पायरीवर त्यालाही हेच वाटत असणार, प्रत्येक घटकेला, आणि तरी तो बसून राहिला. मी तिला तेवढंच सांगितलं. ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे धुऊन. म्हणाली, "विसाच्या आईंना बोलावायचं. पहिल्या रांगेत बसवायचं. कुणी काही बोललं तर मी बघून घेईन."

निकाहाच्या दिवशी अंगण भरलं होतं. दिमियाना आणि मकारी आले, बरोबर लाल-पिवळी शाल घेऊन. वहीदाने दिमियानाला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि लगेच कानात तक्रार सुरू केली, "मलाही नाहीच म्हणाला होता बरं का तो!" काझींनी वही उघडली, नावं वाचली, आणि रावियाच्या काकांना विचारलं, "दोघांमध्ये रक्ताचं किंवा दुधाचं काही नातं?"

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. खरं माहीत असूनही क्षणभर मला ते कुलूप लावलेलं दार दिसलं. ती भीती आता माझ्या अंगात कायमची राहायला आली होती.

"नाही!" मी म्हणाले.

जलीला आत्या मागून म्हणाल्या, "हळू गं बाई. कबरस्तानापर्यंत ऐकू गेलं."

"जाऊ दे," मी म्हणाले.